प्लेबुक म्हणतं बदललं, जेन्किन्स म्हणतं कुठे?

प्रश्न: महापे एमआयडीसीत आमचं पंधरा जणांचं ऑफिस आहे. जेन्किन्स (कोडचे बिल्ड आपोआप करणारं सॉफ्टवेअर) आमच्याच उबुंटू लिनक्सच्या मशीनवर चालतं, रॅम 8 जीबी. दुपारी सगळे एकदम कोड टाकतात आणि जेन्किन्स 'आउट ऑफ मेमरी' म्हणत मान टाकतं. अ‍ॅन्सिबलचं प्लेबुक, म्हणजे मशीनची सेटिंग्ज आपोआप लावणाऱ्या कामांची यादी, जुन्या मुलाने लिहिलेलं आहे. त्यात इटीसी-डिफॉल्टमधल्या जेन्किन्सच्या फाईलमध्ये हीप (जेन्किन्सच्या जावाला मिळणारी मेमरी) 3 जीबी केला. टास्क 'चेंज्ड' दाखवतो, रीस्टार्टही होतं, फरक शून्य. मशीन बदलायचं का?
(एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर: मशीन राहू द्या, मालकांकडे पैशांचा विषयच काढू नका. तुम्ही भाडेकरू सोडून गेलेल्या घराच्या दारात रोज दूध ठेवताय.

मार्च 2022 मध्ये, 2.332.1 आवृत्तीपासून, जेन्किन्सचं लिनक्स पॅकेज सिस्टमडीवर (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) गेलं. तेव्हापासून डिफॉल्टमधली ती फाईल वाचलीच जात नाही. अ‍ॅन्सिबलला त्याचं काय? फाईल लिहायला सांगितली, लिहिली, 'चेंज्ड' म्हणून मोकळं. खात्री करायची तर पीएसमध्ये (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) जेन्किन्सची जावाची ओळ बघा. एक्सएमएक्स (हीपची मर्यादा) दिसत नसेल, तर जावा मशीनच्या मेमरीचा पाव हिस्सा घेऊन बसलंय, म्हणजे तुमच्याकडे 2 जीबी.

प्लेबुक जिथे फाईल लिहितं, तो टेम्प्लेटचा पत्ता बदला: इटीसी, सिस्टमडी, सिस्टम, त्यात जेन्किन्स डॉट सर्व्हिस डॉट डी नावाचं फोल्डर आणि आत ओव्हरराइड डॉट कॉन्फ. 'सर्व्हिस' या शीर्षकाखाली एन्व्हायर्नमेंटमध्ये जावा-ऑप्ट्स (जावाचे पर्याय, त्यातच एक्सएमएक्स) द्या. पॅकेजने तिथे हेडलेसचा (स्क्रीनशिवाय चालण्याचा) पर्याय आधीच ठेवलाय, तोही सोबत लिहा. नाहीतर तुमची ओळ त्याला पुसून टाकेल. हँडलरमध्ये (टास्कने बदल केला तरच चालणारं काम, इथे रीस्टार्ट) डेमन-रीलोड हवंच, म्हणजे सिस्टमडी नवी फाईल वाचेल. मग 'सिस्टमसीटीएल कॅट जेन्किन्स' केल्यावर तुमची ओळ खाली दिसली पाहिजे.

हँडलरवरून आठवलं. वागळे इस्टेटला असताना माझे दोन दिवस यात गेलेत. हँडलर प्लेच्या शेवटी चालतो. आमच्याकडे फाईल बदलल्यानंतर प्लगइन उतरवणारा टास्क नेटमुळे पडला, प्ले तिथेच थांबला, रीस्टार्ट राहून गेला. दुसऱ्या फेरीत फाईल आधीच बदललेली, त्यामुळे 'ओके', आणि 'ओके'वर हँडलरला कोणी हाक मारत नाही. मी फाईल उघडून बघतोय, आकडा बरोबर! चौथ्यांदा चहा झाल्यावर पीएसमध्ये प्रोसेस कधी सुरू झाली ते पाहिलं, तर आठ दिवसांपूर्वीची. तेव्हापासून मी फोर्स-हँडलर्स (टास्क पडला तरी हँडलर चालवणारा पर्याय) चालू ठेवतो. पण पुढचे बदल अर्धवट राहिले असतील, तरी त्याने रीस्टार्ट होतो, हे ध्यानात असू द्या.

आता एक शंका. तुमचे बिल्डही त्याच मशीनवर होत असतील, तर ग्रॅडल किंवा मेव्हन ही बिल्डची साधनं आपली वेगळी जावा उघडतात. बिल्डच्या लॉगमध्ये 137 हा आकडा दिसला, तर बहुधा मेमरी संपल्याने कर्नलनेच (लिनक्सच्या गाभ्याने) त्या प्रोसेसला मारलंय. तिथे जेन्किन्सचा हीप वाढवणं म्हणजे दुखणं वाढवणं. हीप 2 वर ठेवा आणि एक्झिक्युटर (एका वेळी किती बिल्ड चालतील ते) कमी करा. दोन पुरे. पोरं दोन दिवस कुरकुरतील.

रीस्टार्ट दुपारी करू नका, चालू बिल्ड तुटतात. संध्याकाळी ऑफिसची बस सुटली की करा.