मोबाईलमध्ये तोंड घालून बसतो

"मॅडम, पोरगं दिसभर मोबाईलमधी तोंड घालून बसायलंय. क्लासला जाईना." वडील परभणीकडचे, शेतकरी. मुलगा अठरा वर्षांचा, लातूरला नीटच्या रिपीट बॅचला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मी समुपदेशक. वडिलांना बाहेर बसवलं, तेव्हा त्यानं तोंडावरचा रुमाल काढला. गाल लालभडक, कपाळ-हनुवटीवर पुटकुळ्या. मोबाईल बघायचा हे खरं, पण सेल्फी कॅमेऱ्यात स्वतःचाच चेहरा. जीव नकोसा होतो का, हे अशा वेळी मी सरळ विचारते. "तसं नाही मॅडम, पण कुणापुढं जाऊ वाटंना."

मग खिशातून चेपलेली ट्यूब निघाली. रूममेटनं सुचवलेली. "आठ दिवसांत चेहरा साफ, बंद केली की दुप्पट." बारीक अक्षरांत लिहिलं होतं, बीटामेथासोन. म्हणजे स्टेरॉइड. अशी मलमं चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात. सूज दबते म्हणून आधी गुण वाटतो, पण कातडी पातळ होते आणि सोडलं की सगळं उसळून येतं. आठवड्यात गुण देणाऱ्या मलमाचा मला म्हणूनच संशय येतो.

घरचं निदान वेगळंच होतं : पोटात उष्णता. आईनं शेंगदाण्याची चटणी पाठवणं बंद केलं. बिचाऱ्याची चटणीही गेली नि पुटकुळ्याही राहिल्या! वयात येताना अँड्रोजन हे संप्रेरक वाढतं, तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात, आत जिवाणू वाढून सूज येते. साखर, मैदा काहींना बाधतो. अस्वच्छतेचा तर संबंधच नाही. हा बोअरच्या पाण्यानं सारखं तोंड घासत होता, त्यानं आगच वाढली.

त्वचारोगतज्ज्ञांनी ते मलम सोडवलं, चेहरा शांत होऊ दिला. मग रात्री छिद्रं मोकळी करणारं, वाटाण्याएवढं अ‍ॅडापलीन, सकाळी जिवाणू मारणारं बेन्झॉइल परॉक्साइड, तोंड दोनदाच धुवायचं, फोडायचं नाही. मध्येच त्याचा फोन : "टॉवेलला पांढरे डाग पडलेत, तोंडाला पडतील का?" नाही, बेन्झॉइल परॉक्साइडनं कापडाचा रंग उडतो, चेहऱ्याचा नाही.

फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. समुपदेशनाचं खरं काम तेवढ्या काळातलं. कॅमेरा बंद, फोटो पंधरा दिवसांतून एकदा, त्याच खिडकीजवळ. वडिलांना एवढंच सांगितलं की फोनवर आधी चेहऱ्याचं विचारू नका. त्यांना ते फार जड गेलं.

आता तो क्लासला जातो. दोन-चार खड्डे राहिलेत. त्यांचं परीक्षेनंतर बघू, असं त्यानंच ठरवलंय.