अमेरिकेत आमच्या शहराच्या ह्युमन रिलेशन्स कमिशनवर स्वयंसेवक म्हणून अर्ज करावा का? तिथे खरंच काही काम होतं का?

करा अर्ज. पण आधी अपेक्षा जरा खाली आणा, म्हणून एवढं लांबण लावतेय.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही कॅलिफोर्नियात आहात, एच-वन-बीवर, सिटीकडून ईमेल आलाय की शेजारधर्म, समावेश वगैरेसाठी कमिशनवर माणसं हवीत, पैसे मिळणार नाहीत, आणि तुमचे मिस्टर म्हणतायत की हे सगळं फोटो काढण्यापुरतं असतं. मिस्टरांचं निम्मं बरोबर आहे. मी बे एरियातल्या एका मध्यम शहरात अशाच कमिशनवर एक पूर्ण टर्म, म्हणजे चार वर्षं होते (शहराचं नाव टाकत नाही, सातच जण असतो आम्ही, लगेच कळेल कोण ते).

पहिले व्हिसाचं. कॅलिफोर्नियात २०१९ साली कायदा झाला की अशा बोर्डांवर, कमिशनांवर नेमणूक व्हायला सिटिझन असायची गरज नाही, अठरा पूर्ण आणि रहिवासी असलात की बास. तरी कंपनीच्या वकिलाला एक ईमेल टाकून ठेवा, आपण टाकतोच. अर्ज दोन पानी होता, मग सिटी कौन्सिलवाल्यांनी, म्हणजे आपल्याकडच्या नगरसेवकांसारख्या निवडून आलेल्यांनी, दहा मिनिटं मुलाखत घेतली, माझ्या आधीच्या बाई फाईल करून आल्या होत्या आणि मी ऑफिसातून धापा टाकत, लॅपटॉपची बॅग खांद्यावर तशीच. तरी घेतलं.

आता काम. कमिशनच्या हातात काठी नसते हे आधीच डोक्यात पक्कं करा. घरमालकाने धर्म बघून घर नाकारलं, नोकरीत भेदभाव झाला, तर ती तक्रार राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे जाते, आम्ही फक्त रस्ता दाखवायचा. आम्ही सल्लागार. ठराव करायचा, कौन्सिलकडे पाठवायचा, मग ते वाचतील नाहीतर बाजूला ठेवतील. पहिलं वर्षभर मला हेच कळेना की मग आम्ही महिन्याच्या दर तिसऱ्या गुरुवारी इथे जमतो कशाला.

त्यात ब्राउन ॲक्ट. १९५३ चा कायदा आहे, सरकारी मंडळांचं कामकाज लोकांसमोर झालं पाहिजे म्हणून. अजेंडा ७२ तास आधी लावायचा, अजेंड्यावर नाही त्यावर चर्चा नाही, आणि सातातले चार बाहेर कुठे भेटून कमिशनच्या विषयावर बोलले तर ती बेकायदेशीर मीटिंग. चहा प्या, पोरांच्या शाळेबद्दल बोला, विषय काढायचा नाही. ईमेलवरूनसुद्धा नाही. मी एकदा कार्यक्रमाच्या जेवणाबद्दल सगळ्यांना रिप्लाय ऑल केलं तर पाच मिनिटांत सिटीच्या स्टाफ बाईंचा फोन, आवाज गोड पण घाम फुटला मला. आपल्याकडे सोसायटीचे निम्मे निर्णय गेटपाशी उभ्या उभ्या होतात, त्या सवयीच्या माणसाला हे जड जातं. पण नंतर पटलं, कारण गेटपाशी जे ठरतं त्यात गेटपाशी नसलेल्यांना कोण विचारतो.

ही कमिशनं आली कुठून तेही सांगते, मला स्वतःला उशिरा कळलं. १९४३ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटला मोठी वंशदंगल झाली, लॉस एंजेलिसला नौदलाच्या पोरांनी झूट सूट, म्हणजे तेव्हाच्या फॅशनचे ढगळ सूट, घालणाऱ्या मेक्सिकन मुलांना रस्त्यात धरून मारलं, कपडे फाडले. त्यानंतर शहरांना जाग आली, लॉस एंजेलिस काउंटीने १९४४ मध्ये समिती केली, ती आजही कमिशन म्हणून चालू आहे. म्हणजे आधी दंगल, मग समिती. मी कल्याणची, त्यामुळे हे वाचताना मला भिवंडीच आठवली. १९८४ च्या दंगलीत तिथे काय झालं ते घरातली मोठी माणसं आवाज खाली करून सांगायची. पुढे १९८८ मध्ये डीसीपी सुरेश खोपडे आले, त्यांनी मोहल्ला कमिट्या केल्या, दोन्हीकडची साधी माणसं एका सतरंजीवर बसवली आणि नियमित बसवत राहिले, आणि १९९२-९३ ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. तिथे निदान पाठीशी पोलीस होते, आमच्या पाठीशी एक स्टाफ बाई आणि कॉफीचा थर्मास. पण तत्त्व तेच, भांडण व्हायच्या आधी एकमेकांची तोंडओळख पाहिजे.

आमच्या मीटिंगला सुरुवातीला पब्लिक कमेंट असतं, कोणीही यावं, तीन मिनिटं बोलावं. समोर टायमरचा दिवा, हिरवा, पिवळा, लाल. लोक अजेंड्यावर नसलेलं बोलले तर आम्ही उत्तर द्यायचं नाही, ऐकायचं, थँक यू म्हणायचं. एकदा एक गोरे आजोबा आले, हातात घडी घातलेला कागद, तो शेवटपर्यंत उघडलाच नाही. म्हणाले, मी त्या गल्लीत तीसेक वर्षं राहतोय, पूर्वी प्रत्येक घरातलं कुत्रं सुद्धा नावाने माहीत होतं, आता गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं, मला माणूस दिसतच नाही. दिवा लाल झाला, ते खाली बसले. आमच्यातल्या एकाला वाटलं हा बाहेरून आलेल्यांवर घसरतोय. मला तसं वाटलं नाही, कारण त्यांनी गल्लीचं नाव घेतलं होतं आणि ती आमच्या मागचीच गल्ली. गॅरेजचं ते दार माझंही होतं हो. पुढचं दार आम्ही दिवाळीत तोरण लावायला उघडायचो, एरवी ॲमेझॉनवाल्याला.

त्यातून आम्ही ब्लॉक पार्टीची खटपट केली. इथे ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी नॅशनल नाइट आउट असतं, १९८४ पासून चालू आहे, गल्ल्या बंद करून लोक रस्त्यावर खुर्च्या टाकतात. आमच्या सिटीत परमिटला शेजाऱ्यांच्या सह्या लागायच्या, आणि खरा कार्यक्रम म्हणजे त्या सह्या. एकोणीस वर्षं या देशात असून मी पहिल्यांदा शेजाऱ्यांची बेल वाजवत फिरले. एका घरातून पंजाबी बिजी बाहेर आल्या, समोरच्या घरातून चिनी आजोबा, दोघं रोज एकाच वेळी नातवंडांना शाळेत सोडतात, रोज मान हलवतात, बोलले कधीच नाहीत कारण एकाला इंग्रजी येत नाही आणि दुसऱ्यालाही नाही. पार्टीत मी भेळ करायला घेतली, चिंच घरची, शेव पटेलकडची, आणि बिजींनी माझ्या हातातलं पातेलं काढूनच घेतलं, मला नीट कालवता येत नाही म्हणे. आजोबा तीनदा प्लेट घेऊन आले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या परसातली लसणाची पात बिजींच्या दारात आणि बिजींची मेथी त्यांच्या दारात. मीटिंगच्या मिनिट्समध्ये याची नोंद "कार्यक्रम यशस्वी" एवढीच आहे.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगते. आपण भारतीय अशा कमिशनवर जातो ते आपल्यावर अन्याय होतो हे सांगायला, आणि होतोही. पण २०२३ मध्ये जातीचा विषय आला तेव्हा आमची खरी परीक्षा झाली. फेब्रुवारीत सिएटलने जातीवरून भेदभाव करायला बंदी केली, सप्टेंबरमध्ये आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोने, आणि कॅलिफोर्निया राज्याचं तसंच बिल विधिमंडळात पास होऊन ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसमनी व्हेटो केलं. त्या काळात आमच्या पब्लिक कमेंटला एरवी चार टाळकी असायची तिथे खुर्च्या कमी पडल्या. एकजण म्हणाले की असलं काही इथे नाहीच, उगाच आमच्या पोरांना बदनाम करताय. त्यांच्या मागून एक मुलगी आली, मराठीच, आपल्या विदर्भाकडची, शांतपणे म्हणाली की नव्या टीममध्ये मला पहिल्या दिवशी लंचला विचारलं, पूर्ण नाव काय? मी आडनाव सांगितलं, मग विचारलं, मूळ गाव? मग वडील काय करतात? मग घरी नॉनव्हेज चालतं का? चार प्रश्न झाले आणि पुढच्या आठवड्यापासून लंचला बोलावणं बंद. बाकीच्या सहा कमिशनरांना यात भेदभाव नेमका कुठे आहे हेच कळेना, साधी चौकशी वाटली त्यांना. मला एका सेकंदात कळलं. कारण हे चारही प्रश्न मी मंडळाच्या गणपतीत नव्या माणसांना विचारलेले आहेत, अगदी हसत हसत, हातात प्रसादाची वाटी देत. तिचा दिवा लाल झाला, मी नियमाप्रमाणे थँक यू म्हटलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. नंतर आम्ही सिटीच्या ट्रेनिंगमध्ये जातीवर एक भाग घालावा असा ठराव केला, चार विरुद्ध तीन, कौन्सिलने तो "पुढे बघू"मध्ये टाकला, आणि आमच्या मंडळातल्या दोन घरांनी मला दिवाळीच्या फराळाला बोलावणं सोडलं. तेव्हा तुम्ही जाणार असाल तर या तयारीने जा.

बाकी फालतू वेळही खूप जातो. कुठल्या महिन्यात कुठला झेंडा यावर दोन मीटिंगा, बाकावरच्या पाटीत कॉमा हवा का यावर एक. महिन्याला एक संध्याकाळ धरा, कार्यक्रम असेल तेव्हा दोन वीकएंड. अर्ज करायच्या आधी एकदा मागच्या रांगेत जाऊन बसा, मिस्टरांनाही न्या, कोणीही बसू शकतं आणि त्यांचं उरलेलं निम्मं बरोबर आहे का ते त्यांनाच बघू दे.

मी दुसऱ्या टर्मला अर्ज केला नाही, दमले होते. ते गॅरेजवाले आजोबा ब्लॉक पार्टीला आलेच नाहीत, आवाज सहन होत नाही म्हणे. पण आमच्या लिंबाची फांदी त्यांच्या कुंपणावर जाते ना, त्याची तक्रार ते आता सिटीकडे करत नाहीत. सरळ पुढच्या दारावर येतात, माझं नाव चुकीचं उच्चारतात, फांदी दाखवतात आणि जाताना चार लिंबं खिशात टाकून घेऊन जातात.