ब्राउझरमधून आवाज रेकॉर्ड होत नाही? आधी हे तपास

माइक बिघडला असं समजून लगेच लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठू नकोस. बहुतेकदा माइक ठणठणीत असतो, परवानगी अडलेली असते. क्रोममध्ये वेबपत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून रेकॉर्डिंगच्या साइटला माइकची परवानगी आहे का बघ. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखालचा मायक्रोफोनचा स्विच. तो बंद असेल तर ब्राउझरमध्ये कितीही डोकेफोड कर, उपयोग नाही.

नवख्यांना सगळ्यात जास्त छळतो तो ब्लूटूथ हेडफोन. गाणं छान वाजत असतं, रेकॉर्डिंग सुरू केलं की आवाज जुन्या लँडलाइनवरून आल्यासारखा. माइक चालू होताच ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा, बऱ्याचदा ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो. हेडफोन ऐकायलाच ठेव, इनपुटला लॅपटॉपचा माइक निवड. वायरचा हेडफोन घेतलास तर उत्तमच.

तानपुरा किंवा पेटीचा लांब सूर मध्येच गायब होतो? नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा गोंगाट आपोआप काढणारी सोय, त्याला पंख्याची घरघर समजून कापतं. साइटच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ते बंद कर. मग मात्र खिडकीखालचे हॉर्न आणि लोकलचा खडखडाट जसाच्या तसा येईल, म्हणून रात्री उशिरा बस.

सतत बारीक गुणगुण ऐकू येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघ. गिरगाव-लालबागच्या जुन्या इमारतींत अर्थिंग नीट नसेल तर हे हमखास होतं.

आणि काहीच ऐकू येत नसेल, तर टॅबवर राइट-क्लिक करून तो म्यूट नाही ना, एवढं बघ.