वाचकांचे प्रश्न: जुन्या स्टेअरिंगचे चामडे

प्रश्न: गाडीला बटणे असलेले दुसरे स्टेअरिंग बसवून घेतल्यापासून मूळचे चामडी स्टेअरिंग एअरबॅगसह घरात पडून आहे. ते काळवंडून चकाकते, उजव्या बाजूचा रंग उडाला आहे आणि एका जागी शिलाई उसवली आहे. नीट करून विकायचे असल्यास काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आधी एअरबॅगविषयी, कारण जिवावर बेतू शकेल अशी तुमच्या पत्रातील गोष्ट तीच आहे. तिच्या आत स्फोटक द्रव्य असते आणि ते विजेच्या अगदी थोड्या प्रवाहाने पेटते; म्हणून तिला मल्टिमीटर (वीज मोजण्याचे उपकरण) लावून पाहू नये, ती उन्हात वा शेगडीजवळ ठेवू नये, आणि चालकाच्या छातीकडची बाजू नेहमी वर राहील अशी ठेवावी. वापरलेली एअरबॅग विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिने किती ओलावा आणि उष्णता सोसली हे बाहेरून कळत नाही. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधील अमोनियम नायट्रेट हे स्फोटक द्रव्य उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडल्यामुळेच जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ती अधिकृत वर्कशॉपमध्ये उतरवून तेथेच विल्हेवाटीसाठी द्यावी आणि केवळ स्टेअरिंग विकावे.

आता चामडे. शिलाई उसवली आहे तेथे कातरलेली कड पाहा: ती तंतुमय असेल तर चामडे खरे, आणि मागे विणलेले कापड दिसले तर कृत्रिम. जी चकाकी तुम्हाला झीज वाटते, ती बहुधा हातांचे तेल, घाम आणि धूळ यांचा थर असते, कारण कारखान्यातून येणारे चामडी स्टेअरिंग सहसा मंद, कोरडेच दिसते. चामड्यासाठीचा सौम्य क्लीनर मऊ ब्रशने थोड्या थोड्या भागावर फिरवून, फेस वाळण्याआधीच ओलसर कापडाने पुसून घ्यावा. थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नये. ते मळाबरोबर रंगही काढतात. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते, म्हणून रंगाची खरेदी स्वच्छतेनंतर करावी.

आपल्याकडे डावा हात गिअरवर जातो आणि उजवा स्टेअरिंगवरच राहतो, त्यामुळे रंग उजवीकडे आधी जाणे स्वाभाविक आहे. तेथे 1000 नंबरचा पॉलिशपेपर अगदी हलका फिरवावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसावा आणि चामड्यासाठीच्या पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे स्पंजने पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा आणि शेवटी मॅट संरक्षक थर लावावा. दोन जाड हातांपेक्षा चार पातळ हात अधिक टिकतात, कारण जाड थराला लवकर भेगा पडतात. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, तेव्हा घाई करू नये. बुटांचे पॉलिश मात्र लावूच नये, ते तळहाताला आणि कपड्यांना लागते.

उसवलेली शिलाई डिंकाने चिकटवू नये. जुन्याच छिद्रांतून, दोन सुया आणि मजबूत नायलॉनचा दोरा घेऊन ती पुन्हा घालता येते. पण चामडे आकसून कडा जुळत नसतील, तर नवे चामडे चढवणाऱ्या कारागिराकडेच जावे.

जाहिरातीत गाडीचे मॉडेल, वर्ष आणि मागच्या बाजूचा पार्ट नंबर द्यावा, कारण एकाच मॉडेलच्या दोन प्रकारांतही स्टेअरिंग ज्यावर बसते त्या दांड्यावरचे दाते किंवा तारांची जोडणी वेगळी असू शकते. छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, मागच्या बाजूसह काढावीत आणि रंग पुन्हा दिला आहे हे स्पष्ट लिहावे. अपघातग्रस्त गाडीचे किंवा आतील धातूचे कडे वाकलेले स्टेअरिंग कितीही चांगले दिसले तरी भंगारातच द्यावे.

प्रश्न: विकण्यापूर्वी चमक यावी म्हणून डॅशबोर्डचे पॉलिश लावले तर चालेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: नाही. अशा अनेक पॉलिशांत सिलिकॉन असते, त्याने पकड निसरडी होते आणि वळणावर हात घसरू शकतो. शिवाय नंतर रंग द्यायचा झाल्यास तो त्या थरावर धरत नाही.