गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची शेवटची स्टेज आहे, डॉक्टर म्हणाले घरी न्या. आईची काळजी घरी घेणं जमेल का?

जमतं, पण रात्री फोन उचलणारी पॅलिएटिव्ह टीम, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी ठेवणारे डॉक्टर-नर्स, पाठीशी असेल तर. डिस्चार्ज घ्यायच्या आधी तो नंबर मागून घ्या. मी होम केअर नर्स आहे, अशाच पेशंटच्या घरी जाते, म्हणून सांगते.

दुखण्याचं आधी. मॉर्फिनची साधी गोळी दर ४ तासांनी घड्याळ बघून द्यायची असते, कळ यायची वाट बघायची नाही, पण सवय लागेल म्हणून घरचे ती लांबवत राहतात आणि मग दुखणं एकदा वाढलं की आटोक्यात आणताना सगळ्यांची दमछाक होते. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच. या कॅन्सरमध्ये गाठ मूत्रवाहिन्यांवर दाबते, त्याने किडनी बिघडते आणि मॉर्फिन अंगात साठत जातं, त्यामुळे आई फारच गुंगीत वाटली, बरळायला लागली, हातपाय झटकायला लागले तर लगेच फोन करा, डोस कमी करतात किंवा औषध बदलून देतात. आपल्या मनाने बंद करू नका.

वासाबद्दल मात्र कोणी विचारतच नाही. अंगावरून जातं त्याला वास येतो आणि ती बाई लाजेने दार लावून घेते, नातवंडांना सुद्धा जवळ येऊ देत नाही. अहो, औषध आहे त्याला! तो वास जखमेतल्या जंतूंचा असतो, मेट्रोनिडाझोलने बराच कमी होतो, गोळी द्यायची की जेल ते डॉक्टर ठरवतील. वरून सेंट मारू नका, दोन्ही वास मिसळून जास्तच मळमळतं. लघवी सतत झिरपत असेल तर पॅड वेळच्या वेळी बदला आणि कातडी सोलवटायच्या आधीच झिंक ऑक्साइडचं मलम लावायला घ्या.

रक्तस्राव एकदम वाढू शकतो, हे ऐकायला भीतीदायक आहे पण आधी कळलेलं बरं. गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवा, पांढऱ्यावर थोडंसं रक्त पण खूप दिसतं आणि पेशंट घाबरतो. तशी वेळ आली तर हॉस्पिटलला न्यायचं की घरीच झोपेचं औषध देऊन शांत ठेवायचं, हे टीमशी आत्ताच बोलून घ्या, त्या गडबडीत कोणाला सुचत नाही.

आणि घरी यायचंय का, हे आईला विचारलंत का? तुमच्या प्रश्नात ते कुठे दिसलं नाही.