दागिन्याची मागची बाजू

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली चांदीच्या दागिन्यांची रेखाटने सावकाश पाहिली. रेघ स्वच्छ आहे, हातही बसलेला आहे. परंतु गुलाब असो, ट्यूलिप असो की मॅपलचे पान, प्रत्येक गोष्ट समोरूनच काढलेली आहे, कारण फोनच्या पडद्यावर ती तशीच दिसते. छायाचित्रात फुलाची पाठ दिसत नाही, देठ फांदीला कसा जुळतो ते कळत नाही, आणि चांदीच्या कामात नेमके तेच आधी कळावे लागते. कारण कडी, फिरकी आणि झाळ (तुकडे जोडण्यासाठी वितळवून लावलेला धातू) यांची जागा मागच्या बाजूलाच असते.

म्हणून सुरुवातीला बांधावरची बाभूळ घे. मराठवाड्यात तिला तोटा नाही. तिची शेंग प्रत्येक बीपाशी फुगते आणि दोन बियांच्या मध्ये आवळली जाते, त्यामुळे न ओवताच माळ तयार झालेली असते. ही शेंग एका अखंड पत्र्यातून घडवलीस तर ती ताठ राहील आणि गळ्याच्या गोलाईवर बसणार नाही. जिथे ती आवळलेली आहे, तिथेच कडी घालावीस.

प्रत्येक दाणा, म्हणजे शेंगेचा एकेक फुगीर भाग, दोन वाट्या जोडून करावा. त्यासाठी ९२५ चांदीचा, म्हणजे १००० भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले बहुधा तांबे असलेला, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा पुरेसा आहे. ठोकताना पत्रा कडक होत जातो. मंद उजेडात तो फिकट लाल दिसेपर्यंत तापवून पुन्हा मऊ केल्याशिवाय ठोकत राहिलास, तर कडेला चीर पडेल. वाट्या झाळण्याआधी एकीला बारीक भोक पाडायला विसरू नकोस, कारण बंद पोकळीतली हवा तापून फुगते आणि दाणा फुटू शकतो. हे भोक कडीच्या जागीच पाडलेस तर बाहेरून दिसणारही नाही.

शेंगेवर राखाडी-पांढरी लव असते. ती दाखवण्यासाठी रेघा कोरत बसू नकोस. चांदी तापवली की पृष्ठभागावरचे तांबे काळवंडते आणि सौम्य गंधकाम्लात तो काळा थर निघून जातो. असे चार-पाच वेळा केले की वर जवळजवळ शुद्ध चांदीचा, खडूसारखा पांढरा थर उरतो. त्याला पॉलिश लावू नये. (आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये.)

आपल्या जुन्या कारागिरांनी हुबेहूब नक्कल क्वचितच केली. बोरमाळेत बोराचा देठ नाही, सालीवरची सुरकुती नाही. आहे तो केवळ आकार आणि पोकळ मण्यात भरलेली लाख. अजिंठ्याला जाशील तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या छतावरील हंसांच्या पट्टीखाली थोडा वेळ उभा राहा. पक्षी एकच, पण मान वळवण्याची, पंख सावरण्याची तऱ्हा वेगवेगळी आहे. तुझ्या शेंगेतही टोकाचे दाणे लहान, मधले मोठे, एखादा किंचित वाकडा असावा. सगळे एका मापाचेच करायचे असतील तर ते काम यंत्राचा ठसा अधिक स्वस्तात करतो. मग गिऱ्हाइकाने तुला हाताची घडणावळ का द्यावी, हे मला तरी सांगता येणार नाही.

वजनाकडे नवखे लोक फार उशिरा पाहतात. कानातले असेल तर एका कानाला आठ-दहा ग्रॅमच्या पुढे जाऊ नकोस. मागच्या कडा सुती ओढणीवरून फिरवून पाहा, आणि धागा अडकला तर पुन्हा कानस लाव.

चांदीला हात लावण्यापूर्वी हे सारे तांब्यात करून पाहा. पूर्ण शेंग नको; तीन दाणे आणि दोन कड्या जोडून पाठवल्यास तरी झाळ कुठे जास्त झाली आणि कडी कुठे अडते, ते मला इथून सांगता येईल.

तुझा हितचिंतक