नागपुरात नव्याने नोकरीला लागलेल्या तरुणाने नीटनेटके राहण्यासाठी किमान काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय २३ आहे, उमरेडजवळच्या गावाहून येऊन मिहानमधील एका कंपनीत तुम्ही नुकतेच रुजू झाला आहात, रोज दुचाकीने ये-जा करता, घरी या गोष्टी कधी कोणी सांगितल्या नाहीत आणि महिन्याला ५०० रुपयांपेक्षा अधिक खर्च परवडणार नाही. माझे नागपुरात औषधांचे छोटेसे दुकान आहे. (नुसते ‘मेडिकल’ म्हटले तर नागपूरकराला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आठवते, म्हणून ‘दुकान’ असे मुद्दाम लिहितो.) तुमच्या वयाची मुले काय मागायला येतात, हे मी गेली वीस वर्षे पाहत आलो आहे. चेहरा उजळवण्याचे क्रीम ती मोठ्याने मागतात. जांघेतल्या खाजेचे मलम मात्र दुकानात दुसरे गिऱ्हाईक नसताना, हळू आवाजात मागतात. म्हणून माझे उत्तर कपड्याखाली झाकलेल्या अंगापासून सुरू होते.

प्रथम घामाविषयी. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेतील आणि जांघेतील विशिष्ट ग्रंथींच्या स्रावावर त्वचेवरचे जिवाणू पोसले जातात, त्यातून वास तयार होतो. त्यामुळे घामेजल्या अंगावर सुगंध फवारल्याने जिवाणू जागच्या जागी राहतात आणि दोन वासांचे मिश्रण तेवढे होते. रोज काख आणि जांघ साबणाने धुणे, काखेतले केस कात्रीने बारीक ठेवणे आणि अंग पूर्ण कोरडे झाल्यावरच बनियन घालणे, एवढ्याने बहुतेकांचे काम भागते. सुती बनियन घाम टिपून घेते, म्हणून उन्हाळ्यात ते टाळू नये, उलट रोज बदलावे. एवढे करूनही शर्ट काखेत ओला होत असेल तर डिओडोरंट न घेता घाम रोखणारे अँटिपर्स्पिरंट घ्यावे. पहिले वास झाकते, तर दुसऱ्यातील ॲल्युमिनियमचे क्षार घामाची छिद्रे तात्पुरती बंद करतात. ते रात्री झोपताना कोरड्या काखेत लावायचे असते, कारण तेव्हा घाम कमी येतो आणि क्षार छिद्रात टिकतो. सकाळी घाईत, ओल्या काखेत लावून ‘काहीच फरक पडत नाही’ अशी तक्रार घेऊन येणारे पुष्कळ असतात.

आता जांघेविषयी, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. नागपूरच्या मे महिन्याला, पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्यावर, सगळेच घाबरतात. पण ते ऊन कोरडे असते आणि घाम लगेच वाळतो. बुरशीचा खरा हंगाम पाऊस पडू लागल्यावर येतो. हवा दमट होते, कूलर लावला तर खोली आणखी दमट होते, दोरीवरची चड्डी दोन दिवस ओलसर राहते आणि वर घट्ट जीन्स असते. त्यातून जे गोल, कडेला लालसर, खाजणारे चट्टे उठतात, त्यांना आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. वसतिगृहात असताना मला ते झाले होते. खोलीतल्या मित्राने त्याच्याकडची ट्यूब दिली, चार दिवसांत खाज थांबली, मी लावणे सोडले आणि महिनाभरात चट्टे मांडीपर्यंत उतरले. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबते, पण त्याच्या आडून बुरशी पसरते. शिवाय ते जांघेत बराच काळ लावल्यास कातडी पातळ होऊन कायमचे व्रण उमटतात. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन अशी नावे दिसली तर ती स्वतःच्या मनाने कधीही लावू नका, दुकानदाराने सुचवली तरी नाही. हे मी दुकानदार असूनच सांगतो आहे. मेडिकलच्या किंवा मेयोच्या (म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) त्वचारोग विभागात दाखवावे, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस, चट्टे दिसेनासे झाल्यावरही, औषध चालू ठेवावे. त्याआधीची खबरदारी फुकट आहे : चड्डी रोज धुतलेली आणि कडकडीत वाळलेली असावी, पावसाळ्यात तिच्यावर इस्त्री फिरवावी आणि टॉवेल खोलीतल्या कोणाशीही वाटून घेऊ नये.

दाढी अंघोळीनंतर करावी, कारण पाण्याने केस मऊ पडलेले असतात. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, हलक्या हाताने, एकदाच पाते फिरवावे. गाल गुळगुळीत व्हावा म्हणून उलटी दाढी केली की केस त्वचेच्या खाली कापला जातो, वाढताना आतच वळतो आणि मानेवर लाल पुटकुळ्या येतात. कुरळ्या केसांच्या मुलांना हा त्रास अधिक होतो. पाते ओढू लागले की ते टाकून द्यावे. नंतर तुरटी फिरवावी. तिच्यातही ॲल्युमिनियमचा क्षार असल्यामुळे बारीक कापल्यातून येणारे रक्त थांबते, आणि बाजारातल्या झोंबणाऱ्या आफ्टरशेव्हची गरज उरत नाही. सलूनमध्ये दाढी करत असाल तर नवीन पाते तुमच्यासमोर मोडून वस्तऱ्यात बसवायला सांगा. कावीळ ब चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर ७ दिवस जिवंत राहू शकतो, त्यामुळे हे सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. तुरटीचा खडाही स्वतःचा न्यावा. सलूनमधला एकच खडा दिवसभर सगळ्यांच्या गालांवरून फिरत असतो, याकडे आपले लक्षच जात नाही. दाढी ठेवायची असेल तर ती साबणाने धुवावी आणि मानेवरचे केस कंठमण्याच्या वर दोन बोटांपर्यंत साफ ठेवावेत, म्हणजे ती राखलेली दाढी दिसते, वाढलेली नव्हे.

डोक्यातला कोंडा तेल लावल्याने जातो, ही आपल्या आयांची ठाम समजूत आहे. कोंड्याला कारणीभूत होणारी बुरशी टाळूवरच्या तेलकट स्रावावर जगते, त्यामुळे रात्रभर तेल थापून ठेवणे म्हणजे तिला जेवू घालणे होय. कीटोकोनाझोल असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा लावून पाच मिनिटे तसाच ठेवावा आणि मग धुवावा. लावल्याबरोबर धुतल्यास तो वाया जातो. तुम्ही हेल्मेट घालता, तर त्याखाली पातळ सुती रुमाल बांधावा आणि तो रोज धुवावा. उन्हात तोंडाला दुपट्टा गुंडाळण्याची आपली नागपुरी पद्धत उत्तम आहे. चेहऱ्यावर खर्च करायचाच असेल तर सनस्क्रीनवर करावा. उजळवणारी क्रीमे दुकानातच राहू द्यावीत, माझा तोटा झाला तरी चालेल.

तोंडाविषयी लिहिताना खर्र्याबद्दल बोलावेच लागेल, कारण तुमच्या कंपनीबाहेरच्या टपरीवर प्लॅस्टिकच्या पन्नीत तो घोटला जात असेलच. सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे डाग कोणत्याही टूथपेस्टने जात नाहीत. दंतवैद्याकडून साफ करून घ्यावे लागतात आणि खर्रा चालू असेल तर ते पुन्हा चढतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की सुपारीमुळे गालाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडणे हळूहळू कमी होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात लगेच दाखवा. बाकी सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे आणि सकाळी जीभ खरवडणे पुरेसे आहे.

नखे आठवड्याला कापावीत, पायाची सरळ कापावीत, कोपरे गोल करू नयेत. नाकातले केस उपटू नयेत, कात्रीने छाटावेत. कानात काडी घालू नये. मोजे रोज बदलावेत आणि शक्य झाले तर बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरावेत, कारण घामाने भिजलेला बूट एका रात्रीत वाळत नाही.

अत्तराविषयी तुम्ही शेवटी विचारले आहे. अत्तर ५०० रुपयांत शेवटी बसवा. आधी दोन जास्तीची बनियने घ्या. घेतलेच तर धुतलेल्या, कोरड्या अंगावर मनगटाला एक थेंब लावावा. वातानुकूलित कार्यालयाच्या खिडक्या बंद असतात, आणि तुमच्या शेजारी बसणाऱ्याला नऊ तास त्या वासात काढायचे असतात.